आधी घोडीने प्यायचं

दुपारी बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून आपल्या घोडदळाच्या रिसाल्याचा इतिहास सांगत होते आणि लेक तो टाइपरायटरवर उतरवत होती. पहिलं युद्ध सुरू झालं की खोली हळूहळू भरत जाई. पडद्यांमागून घोडे येत, कपाटाशी थबकत आणि ओल्या चामड्याचा वास मागे ठेवून भिंतीतून निघून जात.

"माझी घोडी तांबूस. डावा मागचा पाय पांढरा. शीळ घातली की आधी उजवा कान वळवायची. लिहिलंस?"

"लिहिलं. बाबा, आपण या घरात आलो तेव्हा मी कितवीत होते?"

"तू? तू... शाळेत होतीस बहुधा."

"बहुधा! घोडीचे कान तोंडपाठ, लेकीची इयत्ता गुल!"

"घोडीच्या प्रगतिपुस्तकावर सही नाही गं करावी लागली कधी."

दोघंही हसली. तिचं हसू जरा लवकर संपलं.

"चहा घ्या ना, गार होतोय."

"आधी तू घे."

जन्मभर हेच. त्यांना चहा गारच आवडतो, असं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"दुसरं युद्ध उद्या," ते म्हणाले.

पहाटे झोपेतच ते गेले.

घरातली वर्दळ ओसरल्यावर दुसरं युद्ध त्यांच्या दोस्ताने सांगितलं. दोघांनी एकाच रिसाल्यात उमेदीची वर्षं घालवली होती. ती त्यांना काका म्हणे.

"तोवर घोडे काढून घेतले होते, चिलखती गाड्या आल्या होत्या. चढावर गाडी अडली की तुझा बाप तिची पाठ थोपटून म्हणायचा, 'चल गं बाई!' आम्ही हसून हसून बेजार. आणि घशाला कोरड पडली तरी पाणी आधी इंजिनात ओतायचा, मग स्वतः प्यायचा."

"असं का?"

"रिसाल्याची रीत, पोरी. आधी घोडीने प्यायचं, मग स्वाराने. आपल्या जिवाचं जे असेल, त्याने तोंड लावल्याशिवाय आपण थेंब घ्यायचा नाही. घोडे गेले. रीत हाडात मुरलेली, ती कुठे जातेय?"

तिची बोटं टाइपरायटरवर तशीच राहिली.

"काय झालं गं?"

"काही नाही, काका."

काका घरी निघून गेल्यावर ती आरामखुर्चीसमोर येऊन बसली. बाहेर उजेड कलत होता. मग ती हळू, पण स्पष्ट म्हणाली,

"बाबा, मला लहानपणापासून त्या घोडीचा हेवा वाटायचा हो."