तळाचे दोन रिव्हेट

मी गूळ करण्याची जुनी काहील आहे, मित्रांनो. उसाचा रस ज्यात आटवतात ती नऊ फूट रुंद, परातीसारखी पसरट लोखंडी कढई. शिरोळच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर, एका बंद गुऱ्हाळाच्या मागे मी पालथी पडले आहे. उद्या मला कापायला भंगारवाला येणार आहे. माझ्याकडे आजचाच दिवस उरला आहे, म्हणून घाईघाईने सांगते.

मला फक्रुद्दीनचाचांनी घडवले. जाड पत्रे एकावर एक ठेवून, तापलेले रिव्हेट ठोकून त्यांनी ते सांधले. मग माझ्यात काठोकाठ पाणी भरले आणि दिवसभर शेजारी बसून राहिले. थेंबही गळला नाही, तेव्हाच त्यांनी मला बाबासोअण्णांच्या गुऱ्हाळावर पाठवले.

तिथे मी बावीस हंगाम केले. अण्णांच्या पत्नी अक्काताई दारात उभ्या असायच्या. रस्त्याने कोणीही जात असले, की त्या हाक मारायच्या, "पावणं, थांबा की. गूळ निघालाय." ऊसतोडीच्या बाया, एसटी चुकलेली माणसे, शाळा सुटलेली मुले, सगळ्यांच्या हातावर गरम गुळाचा गोळा पडायचा. त्यांनी कधी कोणाला नाव विचारले नाही. लोक म्हणायचे, या काहिलीचा गूळ वेगळाच लागतो. मला मात्र ठाऊक होते की चव त्या हाकेची होती.

चाचा दरवर्षी हंगाम संपला की न बोलावता यायचे. हातोडीने माझा तळ वाजवायचे आणि कान देऊन ऐकायचे. एका उन्हाळ्यात त्यांचा हात मध्येच थांबला.

"अण्णा, तळाचं दोन रिव्हेट ढिलं झाल्यात. चार माणसं लावून हिला पालथी घाला. अर्ध्या तासाचं काम हाय."

"बघू की चाचा. हंगाम तर संपलाय. दिवाळीला करू."

अण्णा वाईट नव्हते. शेतात कामे होती, आणि मी काही पळून जाणार नव्हते. चाचा आणखी दोनदा विचारून गेले. मला कोणी पालथे घातले नाही.

त्याच वर्षी, दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात, महापूर आला. गावाला चारी बाजूंनी पाण्याने वेढले. आमच्या भागात पूर आला की काहीलच होडी होते. माणसांनी मला पाण्यात लोटले. अण्णा वेळू घेऊन चढले. चाचाही चढले.

"तुमी ऱ्हावा चाचा, वय झालंय," अण्णा म्हणाले.

"हिचा तळ मला ठावं हाय. मी संगं येतो."

दोन खेपा नीट झाल्या. पाणी झिरपत होते, बाया तांब्याने उपसत होत्या. सगळ्यांना उंचावरच्या शाळेत सोडले. तिसऱ्या खेपेला मळ्यातली माणसे घेतली आणि शेवटी चिमणाबाईच्या झोपडीशी पोचलो. ती एकटी म्हातारी. गुडघाभर पाण्यात म्हशीला धरून उभी होती.

"ही दाव्याला हाय. हिला बुडवून मी जगू व्हय?" ती म्हणाली.

चाचांनी वाद घातला नाही. ते खाली उतरले, म्हशीचे दावे कापले, तिच्या पाठीवर थाप मारली. म्हैस पोहू लागली. तेव्हा कुठे चिमणाबाई माझ्यात येऊन बसली.

परतताना निम्म्या वाटेत माझा तळ उसवला. पाणी घोट्यापर्यंत आले. चाचांनी डोक्याचा टॉवेल फटीत कोंबला आणि वर पाय देऊन उभे राहिले. तरी पाणी थांबेना.

"वजन लई झालंय. मी उतरतो, हिच्या काठाची कडी धरून येतो."

"चाचा, गप बसा," अण्णा ओरडले. पण चाचा तोवर पाण्यात उतरले होते. चिमणाबाईने वाकून त्यांचे मनगट धरले.

"हात सोडू नगा," ती म्हणाली.

"न्हाय सोडत."

ओढ्याच्या तोंडाशी धार जोराची होती. मुळासकट उपटलेली एक बाभळ वाहत आली आणि माझ्यावर आदळली. मी गरगर फिरले. स्थिर झाले तेव्हा चिमणाबाईचा हात रिकामा होता. अण्णा कितीतरी वेळ हाका मारत राहिले. ज्यांनी मला घडवले ते माझ्यापासून हातभर अंतरावर बुडाले, आणि मला हात नव्हता.

त्या खेपेची सात माणसे शाळेत सुखरूप पोचली. म्हैस आमच्या आधी पोचली होती. चिमणाबाईने दोन दिवस तिच्याकडे पाहिले नाही. पाणी ओसरल्यावर चाचा उसाच्या फडात सापडले.

अण्णा चाचांच्या पत्नीसमोर, हाफिजाचाचींसमोर जाऊन बसले. "रिव्हेटचं त्यांनी मला सांगितलंतं. मी केलं न्हाय."

"मला ठावं हाय," चाची म्हणाल्या. "हत्यारं पिशवीत भरून दाराला अडकवून ठेवलीती. तुमच्या निरोपाची वाट बघत हुतं."

त्या वर्षी गुऱ्हाळ पेटले नाही, नंतरही कधी नाही. मला मागे टाकून दिले. माझ्यात पाणी साचले, डास झाले, गंज चढला. अक्काताई सवयीने दारात येतात, जाणाऱ्याकडे बघतात आणि हाक न मारता आत जातात.

गेल्या आठवड्यात हाफिजाचाची चाचांच्या पुतण्याला, तोहिदला घेऊन आल्या. त्याचे मुरगूडला वेल्डिंगचे दुकान आहे. चौघांनी मला पालथे घातले. खरेच, फार वेळ लागला नाही. तोहिदने तळावर हातोडी मारली आणि ती आरपार गेली.

"चाची, पत्राच ऱ्हायला न्हाय. रिव्हेट ठोकायचा कशात?"

चाची माझ्याजवळ मातीत बसल्या. मग अण्णांना म्हणाल्या, "मग नवी करा, अण्णा. पाणी परत येणार हाय."

अण्णांनी होकारार्थी मान हलवली आणि भंगारवाल्याला निरोप धाडला; नवी काहील मात्र अजून कोणाला सांगितलेली नाही.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणत नाही. ती वेळ गेली. पण तुमच्या घरात कोणी चांगला माणूस एखादे छोटे काम करून घ्या म्हणून मागे लागला असेल, तर आज उठा. त्याला पुन्हा विचारायला लावू नका. तो आहे तोवरच ते काम अर्ध्या तासाचे आहे.

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. आज दुपारी घाटाच्या सगळ्या पायऱ्या बुडाल्या. चिमणाबाई अजून त्याच झोपडीत राहते, आणि गावात दुसरी काहील नाही.