नळीला मामाची परवानगी

आमच्या मलावीत पोर आईच्या पोटचं असलं तरी त्याच्यावर शब्द मामाचा. नवऱ्याचं तर विचारूच नका. तो बायकोच्या गावी राहायला आलेला पाहुणा. म्हणून माझी लेक तियामिके इस्पितळाच्या वॉर्डात धापा टाकत होती आणि मी दारात उभी राहून दादाची वाट बघत होते.

आधी गावात मलेरियाच्या गोळ्या देऊन झाल्या. ताप म्हटला की मलेरियाच, दुसरं काही कुणाच्या डोक्यात येतच नाही! इथं नर्स चिसालेबाईंनी पोरीचं झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. त्यांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघितला.

"फेलिस्ता, हा न्यूमोनिया आहे. इंजेक्शन दिलंय, पण त्याचा गुण येईपर्यंत पोर तग धरणार नाही. नाकात ऑक्सिजनची नळी लावू दे."

"दादा येऊ दे," मी म्हटलं. दादाचा शब्द मोडला आणि पोर दगावलं, तर आमच्यात मातीला कुणी उभं राहत नाही.

लाझारोदादा दुपारी उगवला. "नळी? अजिबात नाही! नळी लावलेलं एक तरी पोर गावात परत आलेलं दाखव मला."

"अहो मामा, अगदी गळ्याशी आल्यावर तुम्ही हो म्हणता, म्हणून जातात ती!" चिसालेबाई चिडल्या.

"तुम्ही शिकलेल्या. पोरांना पुरावं आम्हाला लागतं."

मी त्याचे पाय धरले. शेजारच्या खाटेवर छोटा उलेमू होता. त्याच्या नाकात नळी होती आणि तो सकाळपासून लापशी मागत होता. "दादा, त्याच्याकडे तरी बघ ना!"

"त्याचं काय होतंय ते बघू उद्या," दादा म्हणाला. असं कुणी बोलतं का हो दुसऱ्याच्या पोराबद्दल? उलेमूची आई सगळं ऐकत होती.

तियामिकेचे ओठ निळे पडले, तेव्हा कुठे दादानं पाठ फिरवली. "लावा. पण मी नको म्हटलं होतं, लक्षात ठेवा."

नळी लावली. अंधार पडायच्या आत पोर गेली.

"बघितलंस?" दादा म्हणाला. बहिणीची पोर गेली आणि याच्या तोंडून पहिला शब्द हा, तोही वॉर्डभर ऐकू जाईल असा! जळो ते तोंड.

बायकांनी रडायला सुरुवात केली. तेवढ्यात उलेमूच्या आईनं आपल्या पोराच्या नाकातली नळी उपसली.

मी तियामिकेला खाटेवर ठेवलं आणि त्या बाईचं मनगट धरलं. "लाव ती परत!"

"तुझी गेली ना नळीनं!"

"नळीनं नाही गं बये, याच्यामुळे गेली!" मी दादाकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर माझा आवाज कधी चढला नव्हता.

चिसालेबाईंनी धावत येऊन नळी परत लावली. उलेमू भोकाड पसरून रडत होता. दादा दातओठ खात म्हणाला, "चल. गाडी थांबलीय. लोकांत शोभा करू नकोस."

"तू ने तिला. तिच्यापाशी रडायला अख्खं गाव आहे. मी इथून हलले की ही बाई नळी काढेल."

माझ्या पोरीला कापडात गुंडाळून तो घेऊन गेला. मी उलेमूच्या खाटेवर बसून राहिले, त्याच्या आईचे दोन्ही हात घट्ट धरून.