मागच्या दाराची शिकवणी

मागच्या दारावर टकटक झाली तेव्हा आधीच्या तासाचा मुलगा अजून बुटांच्या नाड्याच बांधत होता. मकीगबाईंनी त्याला नाड्या लोंबत्याच ठेवून कोळशाच्या खोलीत ढकललं आणि दार लोटून घेतलं. पुढची मुलगी आत आली की त्यानं निघायचं. दर बुधवारी असंच होई आणि त्यात त्यालाही काही वावगं वाटत नसे.

दारात ब्रोना डेव्हेनी उभी होती, गावातल्या खाटकाची धाकटी. डोक्यावर कोटाची टोपी ओढलेली, नाक थंडीनं लाल. आत येऊन तिनं पाय पुसले आणि कोळशाच्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं.

"त्याला सांगा, त्याचं दप्तर बाहेर कचऱ्याच्या डब्यावर राहिलंय. भिजतंय."

"कुणाला? तिथं कुणी नाही."

"बरं," ब्रोना म्हणाली. "मग त्या कुणी-नाहीला सांगा."

आतून हसू दाबल्याचा आवाज आला. बाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते किटलीकडे वळून लपवलं.

उत्तर आयर्लंडातल्या त्या लहानशा गावात दहा-अकरा वर्षांच्या मुलांची एक परीक्षा असे. ती पास झाली तर हुशार मुलांसाठीची टेकडीवरची ग्रामर शाळा आणि जांभळा कोट, नाहीतर नदीकाठची दुसरी शाळा आणि निळा स्वेटर. त्या कोटासाठी मुलं वर्षभर तयारी करत आणि ती बहुतेक इझोबेल मकीगबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होई. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. कारण शिकवणी लावून पास झालं तर पोराची हुशारी उणी ठरे, आणि शिकवणी लावूनही नापास झालं तर अब्रूच जाई. म्हणून फार वर्षांपूर्वी एका वकिलाच्या बायकोनं विचारलं होतं, आमचा मुलगा मागच्या गल्लीनं आला तर चालेल का? बाई म्हणाल्या, येऊ दे की. तेव्हापासून सगळेच मागच्या गल्लीनं येऊ लागले. कॅथलिक आले, प्रोटेस्टंट आले. चर्चं निराळी, शाळा निराळ्या, मागची गल्ली तेवढी एकच.

त्याच्याबरोबर दुसरी एक रीत आपोआप आली. आया मुलांना बजावून ठेवत, गावात बाई दिसल्या तर ओळख दाखवायची नाही. मुलं ती शिस्त फार मनापासून पाळत. दुकानात बाई दिसल्या की गोठवलेल्या वाटाण्यांच्या पाकिटात तोंड खुपसून उभी राहत. पुढं ती मोठी होत, वकील होत, बँकेत बसत, आणि जडलेली सवय काही सुटत नसे. बाईंचे यजमान सॅमी वारले तेव्हा हात हातात घ्यायला अर्धं गाव रांगेत उभं होतं. मयताला जाणं त्या गावात कुणी चुकवत नाही. जिची चारही मुलं बाईंनी टेकडीवर चढवली होती त्या आईनं रांगेतून पुढं येऊन आपलं नाव सांगितलं, आपली ओळख नाही म्हणाली, पण ऐकून फार वाईट वाटलं. मकीगबाईंनी ते नाव पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली.

आणि या वर्षी तर कहर झाला होता. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. तरुण डॉक्टरनं डोळ्यांत थेंब टाकले आणि सहज विचारलं की तुम्ही काय काम करत होता. विचारताना तो डाव्या अंगठ्याचं नख कुरतडत होता. ते नख कुरतडू नकोस म्हणून बाई त्याला शिकवणीच्या टेबलाशी दोन हिवाळे ओरडल्या होत्या. "घरीच असते," त्या म्हणाल्या. परत येताना बसमध्ये त्यांना रडू आलं. नंतर स्वतःचाच राग आला.

ब्रोनाचं असं होतं की ती मठ्ठ मुळीच नव्हती. पण प्रश्न म्हटला की तिला त्यातली माणसं खरी वाटत. एका बागेची लांबी-रुंदी दिली होती आणि कुंपणाला किती तार लागेल ते काढायचं होतं. ब्रोनानं विचारलं, कुंपण कशाला, शेजाऱ्यांशी भांडण झालंय का? तोवर घड्याळ पुढं जाई. सगळ्यात कठीण झालं ते कुत्र्याच्या उताऱ्याचं. दीपगृहाचा म्हातारा रखवालदार नोकरी सोडून होडीनं निघतो, त्याचा कुत्रा बेटावरच राहतो आणि होडीमागं पाण्यात उडी घेतो. तिथं उतारा संपायचा आणि खाली प्रश्न सुरू व्हायचे.

"मग तो पोचला का?" ब्रोनानं विचारलं.

"ते प्रश्नात नाही, बाळा."

"मला दिसतंय प्रश्नात नाही ते. पोचला का पण?"

तो उतारा बाईंनी वर्षानुवर्षं मुलांना दिला होता, छापून छापून त्याची अक्षरं पुसट झाली होती. तो कुठल्या पुस्तकातला हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आजवर एकाही मुलानं असं विचारलं नव्हतं. ब्रोना मात्र तो उतारा तीनदा वाचत बसली, आणि वेळ संपली तेव्हा खालचे अर्धे प्रश्न कोरेच होते.

शनिवारी बाई डेव्हेनींच्या दुकानात खिमा घ्यायला जात. काउंटरवर ब्रोनाची आई ऊना उभी असे. ऊनाची जीभ गावात प्रसिद्ध होती, गिऱ्हाईक हसवल्याशिवाय ती सोडत नसे. पण बाई आल्या की ती एकदम परकी होई, हवेबद्दल दोन शब्द बोले आणि पुडकं पुढं सरकवे. घरी येऊन उघडलं की खिम्याखाली न मागितलेले चार सॉसेज असत. एका शनिवारी ब्रोनाही काउंटरमागं पिशव्या उघडून देत होती. बाईंना पाहताच तिचं तोंड हसून उघडलं, आणि लगेच कळवळून मिटलं. काउंटरखाली आईनं पायावर पाय दिला असणार. पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एवढ्या मुलांनी आजवर तोंड फिरवलं होतं, पण या पोरीचं बाईंच्या मनाला लागलं.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी घड्याळ लावून पुरा पेपर घेतला आणि तपासला. मग पुन्हा तपासला, कारण डोळ्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. आकडा तोच आला. बाहेर गल्लीत ऊनाची गाडी दिवे मालवून उभी होती. ब्रोनाला बिस्किट देऊन बसवलं आणि बाई सपाता घालूनच बाहेर गेल्या. गाडीच्या काचेवर टकटक केली. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. ऊना दचकली, मग तिनं शेजारच्या सीटवरचे डबे मागं टाकून त्यांना आत घेतलं.

"ऊना, या परीक्षेला तिला बसवू नकोस."

ऊनानं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. "नापास होईल म्हणता?"

"वेळेत व्हायचं नाही तिचं. समजतं सगळं. उलट जरा जास्तच समजतं. पण पेपर काही तिच्यासाठी थांबणार नाही."

"माझ्या थोरल्याला तुम्हीच काढलंत ना वर? त्याच्याहून हिचं डोकं चांगलंय."

"चांगलंच आहे. म्हणून तर म्हणते, अकराव्या वर्षी नापासाचा शिक्का कशाला मारून घ्यायचा?"

"तुम्हाला सोपं आहे, बाई," ऊना म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हात स्टिअरिंगवर घट्ट झाले होते. "मला माझ्या आईनं बसवलंच नाही. म्हणाली, काउंटरवर उभं राहायला टेकडी कशाला चढायची? आजसुद्धा दुकानात बायका माझ्यासमोर शाळेच्या गोष्टी काढतात आणि मध्येच गप्प होतात, हिला काय कळणार म्हणून. बसून नापास झाली तर नशीब. पण बसवलीच नाही असं उद्या ती मला म्हणायला नको."

ऊनाचंही खोटं नव्हतं. उरलेले दिवस बाई ब्रोनाला एकच गोष्ट शिकवत राहिल्या, अडलं की सोड आणि पुढं चल. ब्रोना मान डोलवी, दोन प्रश्न सोडी आणि तिसऱ्याशी गप्पा मारत बसे.

नोव्हेंबरात दोन शनिवारी दोन पेपर झाले. पेपराच्या शनिवारी बाई घराबाहेर पडत नसत. शाळेच्या फाटकाशी आयाबाप उभे असत आणि बाई दिसल्या तर सगळ्यांचीच पंचाईत. पहिल्या शनिवारी त्या खिडकीशी बसून टेकडीकडे जाणाऱ्या गाड्या पाहत राहिल्या. हातात विणकाम होतं, सुई एकदाही हलली नाही. परीक्षेनंतर शिकवण्या संपल्या आणि टेबल रिकामं झालं. एक दिवस त्या वाचनालयात जाऊन दीपगृहाच्या कुत्र्याची चौकशी करून आल्या. तिथल्या मुलीनं बरंच शोधलं, पण काही सापडलं नाही.

निकाल जानेवारीच्या अखेरीस, शनिवारी सकाळी लागे. बाईंना तो कुणी कळवत नसे. तो मागच्या पायरीवर कळे. ज्यांची मुलं पास होत ती माणसं चॉकलेटचा डबा, वाइनची बाटली असं काहीतरी गुपचूप पायरीवर ठेवून जात. त्यावर नाव नसे, पण कुणी काय ठेवलं हे बाई अंदाजानं ओळखत. आणि जी नापास होत त्यांचं काहीच येत नसे. त्या दिवशी नऊच्या आत पायरीवर पाच डबे जमले. कोळशाच्या खोलीत उभं राहणाऱ्या मुलाचा डबा सगळ्यांत मोठा होता. बाईंनी सगळे आत आणून टेबलावर ठेवले, चहा केला आणि मागच्या दाराकडे कान देऊन बसल्या. डेव्हेनींकडचं काही आलं नव्हतं. बाईंना ठाऊकच होतं ते, तरी त्या बसल्या.

दहाच्या सुमाराला घंटी वाजली. बाईंना आधी कळेचना कसला आवाज ते. पुढच्या दाराची घंटी वाजून इतके दिवस झाले होते की ती चालते हेच त्या विसरल्या होत्या. पुढच्या दाराशी सॅमीचे कोट टांगलेली लाकडी घोडी होती, खालच्या फटीत थंडीसाठी कापडाची गुंडाळी कोंबलेली होती. त्यांनी दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून पाहिलं. बाहेर ब्रोना उभी होती, एकटी.

"अगं, मागच्या गल्लीनं ये," बाई फटीतून म्हणाल्या.

"नको. मी थांबते इथंच."

समोर बेकरी होती आणि शनिवारची रांग रस्त्यापर्यंत आली होती. त्या वकिलाची बायको, आता म्हातारी झालेली, पाव घेऊन तिथंच उभी होती. बाईंनी घोडी सरकवली, गुंडाळी काढली आणि दार ओढलं. ते फुगून चौकटीत बसलं होतं. "तू ढकल, मी ओढते," त्या म्हणाल्या. दोघींनी मिळून जोर लावला तेव्हा ते धाडकन उघडलं आणि रांगेतली सगळी माणसं वळून पाहू लागली.

"हॅलो, मकीगबाई," ब्रोना म्हणाली, चांगलं खणखणीत. मग आवाज जरा खाली आला. "मी नाही झाले पास."

"बरं," बाई म्हणाल्या.

"मम्मी रडली. मग पप्पांनी तिला चहा दिला. मी म्हटलं, पास होणारे डबे ठेवतात म्हणून बाईंना कळतं, माझं कोण सांगणार? मी सांगून येते. मागून जाऊ का विचारलं तर म्हणाली, हवं त्या दारानं जा, आता झाकायचं काय राहिलंय." तिनं हातातली पिशवी पुढं केली. सॉसेज होते. पिशवीवर लाल ठळक अक्षरांत डेव्हेनी असं दुकानाचं नाव छापलेलं होतं. "हे मम्मीनं दिलेत. आता मी दुकानात तुम्हाला हॅलो म्हटलं तर चालेल ना?"

बाईंचे डोळे भरून आले. मोतीबिंदूमुळे तसेही ते पाणावतच, त्यामुळे काही खुलासा करावा लागला नाही. चालेल, त्या म्हणाल्या, आणि तिला आत घेतलं. ब्रोनानं पाय पुसले, सवयीनं कोळशाच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि टेबलापाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. पाच डबे बाजूला सारून तिनं कोपर टेकायला जागा केली. बाईंनी तवा ठेवला.

"कुत्र्याचं काही कळलं?"

"वाचनालयात विचारलं मी. नाही कळलं."

ब्रोनानं थोडा विचार केला. "मग पोचला असेल," ती म्हणाली.

पुढून गार वारा आत येत होता म्हणून बाई दार लावायला गेल्या. पण एकदा उघडलेलं ते दार आता चौकटीत परत बसेना. त्यांनी खांदा लावून पाहिला. वीतभर फट तशीच राहिली आणि फटीतून रस्ता दिसत राहिला. रांगेतून कुणीतरी मान वाकडी करून आत पाहत होतं. बाईंनी सॅमीचा एक कोट काढून अंगावर घेतला, दार तसंच राहू दिलं आणि सॉसेज उलटायला आत गेल्या.