मित्सुएच्या बंदुकीची दुर्बीण

मित्सुए दुपारी घरी आली ती पार गळून. सकाळी तिची गोळी हरणाच्या छातीऐवजी पोटात बसली होती. जनावर बर्फात रक्त सांडत पळालं, आणि ही त्याच्या मागे थेट ओढ्यापर्यंत. तिथं एकदाचं संपवलं.

"पुरे आता," बूट ओढून काढत ती म्हणाली. "माझे डोळे गेले. परवाना परत करून टाकते."

मी नुसता चहा पुढे ठेवला. मी गाईगुरांतला माणूस, बंदूक कधी धरली नाही. आमच्या गावात पिकं खाणारी हरणं मारायला आता दोघंच उरलेत: माझी बायको आणि शेजारचे यासुहेइसान. त्यांची पंच्याहत्तरी जवळ आलीय. बाकीचे शिकारी कोणी वारले, कोणी साप्पोरो शहरात मुलाकडे गेले.

संध्याकाळी यासुहेइसान आले. त्यांनी आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. मग वरची दुर्बीण धरून हलवली. ती किंचित डुगडुगली.

"डोळे कसले गेलेत! ही बघ, सैल आहे."

"उन्हाळ्यात बसवली कोणी?" मित्सुएनं विचारलं.

"मीच. चांगली अंगातला सगळा जोर लावून आवळली होती."

"तेच तर! लोणच्याच्या बरणीचं झाकण आहे का ते?"

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. उघडून पाहिलं तर एका स्क्रूचे आटे गेलेले, बाकीचे तेल लागून सैल झालेले. दुर्बिणीच्या नळीवर तिला धरणाऱ्या कडीचा वळ उठला होता. यासुहेइसाननी घरून नवा स्क्रू आणि ठरलेल्या जोराला कट्‌ करून थांबणारा पाना आणला.

मित्सुएनं सगळं स्वतः केलं. प्रत्येक स्क्रू आणि त्याचं भोक पुसून कोरडं केलं. बंदुकीवरच्या बैठकीचे स्क्रू आधी घट्ट केले, मग कड्यांचे. समोरासमोरचे आळीपाळीनं, थोडे थोडे. कडीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे ना, हे ती दर वेळी वाकून बघत होती. पाना कट्‌ वाजला की तिचा हात थांबे.

"अजून एक पीळ—" यासुहेइसान पुटपुटले.

"हात मागे घ्या हं, यासुहेइसान."

दुसऱ्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर आधी दुर्बिणीचा नेम जुळवला. मग तिनं तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका तळव्याखाली झाकली जातील इतकी जवळ.

"बघ, डोळे ससाण्याचे आहेत तुझे!" म्हातारा लहान पोरासारखा खुलला. मित्सुएनं बंदूक पिशवीत घातली.

परतताना गाडीत ती म्हणाली, "डोळेच गेले असते तर बरं झालं असतं."

"मग सोड ना."

"काय सांगून सोडू? नेम तर नीट लागतोय. आणि ते एकटे जातील. त्यांच्या गुडघ्यांचं काय झालंय बघितलंस?"

बरेच दिवस ती जात राहिली. नेम चुकला नाही, पण घरी येऊन ती जेवायच्या आधीच भिंतीला टेकून डोळे मिटायची. एका रविवारी यासुहेइसान चहाला आले, तेव्हा तिनं सांगून टाकलं, "बर्फ वितळला की मी थांबणार. डोळे चांगले आहेत, बंदूकही चांगली आहे. मी दमलेय, बस्स."

मला वाटलं, म्हातारा रागावणार. त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही गुडघे चोळले.

"केव्हाची वाट बघत होतो, तू कधी म्हणतेस याची," ते म्हणाले. "मी आधी म्हणालो असतो तर मला म्हातारा म्हणाली असतीस."

"म्हातारेच आहात."

ते हसले, तीही हसली. मग ते गेल्यावर मित्सुए आडवी झाली ती धारा काढायची वेळ होऊन गाई हंबरायला लागल्या तरी उठली नाही. मी तिला उठवलं नाही. एकटाच गोठ्याकडे गेलो.