पुस्तकात नसलेली दोन बोटं

मी एक जुनं आणि चुकीचं पुस्तक आहे. मित्रांनो, पुस्तकानं स्वतःबद्दल असं बोलू नये, हे मला कळतं. पण जे घडलं त्यात माझाही वाटा आहे आणि ते मनात ठेवून आता मला कपाटात स्वस्थ बसवत नाही.

मला लिहिलं काकूंनी. तशा त्या कोणाच्या सख्ख्या काकू नव्हेत, पण गल्लीतली निम्मी पोरं त्यांनी शिवलेले कपडे घालूनच मोठी झाली. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांचे यजमान, म्हणजे काका म्हणाले, "अगं, एवढं येतं तुला, तर लिहून काढ की." काकूंनी मनावर घेतलं. रोज दुपारी जेवणं आटोपली की त्या वही घेऊन बसायच्या. बाह्या, गळे, घेर, सगळ्या आकृत्या त्यांनी स्वतः पट्टी धरून काढल्या.

एका प्रकाशकाला त्या वह्या आवडल्या होत्या, बरं का. तो म्हणाला, "छापू या. पण ज्यांना शिवता येत नाही अशा चार-पाच जणींना आधी यावरून शिवायला देऊ. त्या जिथे अडतील तिथे दुरुस्त्या करू. वर्षभर लागेल." काकूंना ते चांगलंच झोंबलं. घरी येऊन त्यांनी पिशवी खुर्चीवर आपटली. "ज्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, त्या बायका माझं काम तपासणार? काही नको. आपलं आपणच छापू."

मग एक छापखाना सापडला. 'लिहा तुम्ही, बाकी सगळं आमच्यावर सोडा' अशी त्याची जाहिरात होती. त्या सगळ्यात तपासणीही धरलेली होती, पण त्यांच्या तपासनिसानं फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. मापं त्याला कुठली कळायला? काकूंच्या नणंदबाईंनी पहिली दोन पानं चाळली आणि "वहिनी, काय सुरेख लिहिलंत हो" म्हणून चहाला बसल्या. काका तर काकूंनी किराण्याची यादी लिहिली तरी कौतुक करणारे. झाली तपासणी.

बाकीच्या प्रती छापायच्या आधी छापखान्यानं एकच नमुना प्रत करून पाठवली. ती प्रत म्हणजे मी. छापखानेवाला म्हणाला होता, "एकदा यावरून काहीतरी करून बघा, मगच सही द्या." काकूंनी मला टेबलावर उघडं ठेवलं, लहान मुलीच्या फ्रॉकचं पान काढलं आणि त्यातल्या मापानं कापडावर खडूच्या रेघा मारल्या. मग कात्री घेतली.

मित्रांनो, आता माझा गुन्हा ऐका. त्यांची कात्री खडूच्या रेघेवरून गेली नाही. ती रेघेच्या बाहेरून, दोन बोटं जागा सोडून गेली. शिवणीसाठी असं जादा कापड ठेवावंच लागतं, त्याला शिवणकामात माया म्हणतात. काकूंच्या हाताला ती सवय इतकी मुरलेली होती, की आपण माया सोडतोय हे त्यांना जाणवतही नव्हतं. आणि माझ्या एकाही पानावर माया सोडा असं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ते कधी लिहिलंच नव्हतं, जसं कोणी श्वास घ्या असं लिहीत नाही.

मी ते पाहिलं. पुस्तकाला बोलता येत नाही, ही सबब मी स्वतःला खूप वेळा सांगून पाहिली आहे. पण खरं सांगू? त्या वेळी मला बोलावंसं वाटलंही नाही. माझं मुखपृष्ठ गुळगुळीत होतं, नव्या शाईचा वास येत होता आणि मी स्वतःवरच खूश होतो. फ्रॉक बेतशीर झाला. काकूंनी सही केली.

प्रती आल्या आणि पलंगाखाली गेल्या. दुकानदारांनी दोन-दोन ठेवून घेतल्या, त्याही सगळ्यात खालच्या फळीवर. नातेवाइकांनी फुकट नेल्या आणि उघडल्या नाहीत. त्या वेळी मला त्यांचा राग यायचा, आता वाटतं की बरं झालं. शेवटी काकूंनी एका प्रदर्शनात टेबल मांडलं आणि तिथे मात्र बऱ्याच बायकांनी माझी भावंडं हौसेनं विकत नेली. कोणी नेली, कुठे नेली, हे लिहून ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

काही महिन्यांनी त्यांतली एक बाई पत्ता शोधत घरी आली. तिनं पिशवीतून उसवलेल्या फ्रॉकचे तुकडे काढले. "आईची साडी होती," ती म्हणाली. "आई गेली. वाटलं, तिच्या साडीचा मुलीला फ्रॉक शिवावा. पण अंगात शिरतच नाही हो. पुस्तकात होतं तस्संच कापलं. काकू, माझं काय चुकलं ते सांगाल?"

काकूंनी मला उघडलं. तुकड्यांना टेप लावली आणि मापं माझ्या पानावरच्या आकड्यांशी ताडून पाहिली. ती तंतोतंत जुळत होती, माया मात्र कुठेच सोडलेली नव्हती. आतून काका म्हणाले, "अगं, माप घेताना गडबड झाली असेल त्यांची." ती बाईसुद्धा लगेच मान डोलावू लागली. काकूंनी नुसतं हो म्हटलं असतं, तरी विषय तिथेच मिटला असता.

काकूंनी टेप खाली ठेवली. मग म्हणाल्या, "नाही. तुझं काही चुकलं नाही, बाळ. पुस्तक चुकलंय. मी चुकलेय." आणि त्या तिच्यासमोरच रडल्या. फ्रॉकचं मात्र काही करता आलं नाही. कापलेलं कापड त्यांच्याच्यानंही वाढवता येईना.

घरातल्या प्रतींमध्ये काकूंनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. छापखान्याला कळवलं, दुकानांतून प्रती परत आणल्या. प्रदर्शनात गेलेल्यांचं काय करणार? आजही रस्त्यात कोणी ओळखून थांबलं की काकू आधी विचारतात, "तुम्ही माझं पुस्तक घेतलं नव्हतं ना?"

म्हणून एक विनंती करतो, मित्रांनो. तुमच्या घरात शिवणकामाचं एखादं पुस्तक असेल आणि त्यातला लहान मुलीचा फ्रॉक घट्ट झाला म्हणून तुमच्या आईनं शिवणं सोडून दिलं असेल, तर आज तिच्याजवळ जा. तिला सांगा, कापताना चारही बाजूंनी दोन बोटं जास्त ठेवायची असतात, ते पुस्तकात लिहायचं राहून गेलं. आणि सांगा, आई, तुझं काहीच चुकलं नव्हतं.