गळ्याच्या कागदावरची पावती

"वहिनी, या आरोग्यविमा योजनेच्या हप्त्याची वजावट फक्त धंदेवाल्यांना मिळते. घरात बसून झबली शिवणं म्हणजे काय धंदा?" भाऊजी लॅपटॉपवरून मानही न वळवता म्हणाले. तिचा कराचा फॉर्म दरवर्षी हा धाकटा दीरच भरायचा.

तिच्या मांडीवर तिची लेक, पिटुकली, झोपली होती. तिची इवलीशी छाती अजून घरघरत होती. कर पुरता भरला तर पुढचा हप्ता चुकणार, आणि हप्ता चुकला की या छातीचा इलाज उसनवारीवर. फॉर्मची मुदत आज संध्याकाळपर्यंतच होती.

"भाऊजी, माझी शिलाईची कमाई कुठल्या रकान्यात लिहिलीत?"

"धंद्याच्या."

"म्हणजे कर घेताना धंदा आणि सूट देताना घरकाम? वा रे न्याय!"

नवरा दाराआड खुदकन हसला. भाऊजींनी उगाच चष्मा पुसला. "बरं बाई, हरलो. हप्त्याची पावती द्या."

आता मात्र तिचा चेहरा पडला. जाड, गुळगुळीत कागद दिसला की तिची कात्री ऐकतेय कुठे! पावती तिने गेल्या आठवड्यातच एका तान्ह्या बाळाच्या झबल्याच्या मापाला कापली होती.

पिटुकलीला नवऱ्याच्या हाती देऊन तिने मापांचा डबा जमिनीवर पालथा केला. कागदी बाह्या, कागदी खिसे. एका बाहीवर विमा कंपनीचं अर्धं नाव, दुसरीवर उरलेलं. खिशावर रक्कम आणि तारीख. पावतीचा नंबर मात्र कुठेच नाही.

"राहू द्या वहिनी. पुढच्या वर्षी बघू."

"थांबा हो! गळा कुठंय?"

गळा मशीनवर, कापडाला टाचण्यांनी टोचलेला. तिने एकेक टाचणी काढली. कडेला कड जुळवणं तर तिचं रोजचंच काम. चिकटपट्टी लावली आणि गळ्याच्या गोलाईवरचा नंबर खणखणीत वाचला.

भाऊजींनी तो भरला, हप्त्याची रक्कम टाकली, आणि पडद्याकडे बघतच राहिले. "वहिनी, कर शून्य!"

"पुन्हा वाच रे," नवरा म्हणाला, "कान तृप्त होऊ देत."

तिचं लक्ष भलतीकडेच होतं. "आणि हे वर काय? व्यवसाय, गृहिणी?" तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. ते पुसून एका बोटाने, अक्षर शोधत शोधत तिने लिहिलं: शिवणकाम, स्वतःचं.

पिटुकली जागी होऊन हात पसरू लागली. तिला छातीशी घेऊन तिने तेच बोट पुन्हा उचललं आणि फॉर्म स्वतः पाठवून दिला.