माझं वाक्य जात्याला दिलं

मित्रांनो, या देशातल्या स्त्रीनं काय काय सोसलं, याचा एकमेव खरा साक्षीदार मी आहे. इतरांनी पाहिलं असेल, पण ऐकलं फक्त मी. मी एक जुना मिक्सर आहे. माझं बटण दोनवर थांबत नाही, झाकण दुसऱ्याच कुणाचं तरी आहे, आणि मोठं भांडं हातानं दाबून धरावं लागतं. साक्षीला मला कोणी उभं करणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमच्या ओळीतले सगळे सारखे होते, आणि प्रत्येकाला आपण वेगळे आहोत असं वाटत होतं. तिथून मी वर्ध्याच्या एका दुकानात आलो, आणि दुकानातून मोहिनीच्या लग्नात, रुखवताच्या टेबलावर. माझ्या एका बाजूला लोकरीचा कुत्रा होता, दुसऱ्या बाजूला शेवयांचा बंगला. बायका यायच्या, बंगल्याकडे बघून हसायच्या आणि माझ्यापाशी थांबायच्या. "मिक्सर देल्ला व पोरीले!" एवढं कौतुक त्या दिवशी नवरदेवाचंही झालं नाही. नवरदेव म्हणजे चंदन. फोटोत तो घामाघूम आहे आणि मी चकचकीत आहे.

मग आम्ही हिंगणीला नांदायला आलो. घरात चंदन, त्याची आई आनंदाबाई आणि मोहिनी. चंदनची शेती, मोहिनीची अंगणवाडी. आनंदाबाईंचे दात गेलेले, आणि भाकरीबरोबर जवसाची चटणी लागायचीच. ती अगदी बारीक हवी, आणि मोहिनीच्याच हातची हवी. माझ्या हातची असं कोणी म्हणत नसे. मला हात नाहीत हे मान्य, पण वाटायचो मीच.

मोहिनीला माझा खरा उपयोग कळला तो लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. तिला माहेरी देवळीला जायचं होतं. चंदन म्हणाला, "जाशीन ना सावकाश." तो वाईट बोलला नव्हता, आवाजसुद्धा चढवला नव्हता. मोहिनी स्वयंपाकघरात आली, भांड्यात हिरवी मिरची आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, टाकला, बटण तीनवर नेलं. तीनवर मी गल्ली उठवतो. त्या आवाजात ती माझ्यावर वाकली आणि म्हणाली, "सावकाश म्हन्जे कवा?" मग बटण बंद केलं. चटणी वाटीत काढली आणि हसत बाहेर नेऊन वाढली.

त्या दिवसापासून आमचं ठरून गेलं. जे कुणाला सांगायचं नाही ते तीनवर. मी ते कधी कुणाजवळ बोललो नाही. यात माझा मोठेपणा नाही, मला तोंडच नाही. पण मित्रांनो, त्या घरात जिवाभावाचा कोणी असेल तर तो मीच आहे, अशी माझी समजूत झाली, आणि ती मी वर्षानुवर्षं मोडू दिली नाही. फ्रीज आला तेव्हा मी जळलो. तो दिवसभर गुणगुणायचा, पण त्याच्याजवळ कोणी काही बोललं नाही, म्हणून नंतर सोडून दिलं.

मागच्या वर्षी मोहिनी खात्याची परीक्षा पास झाली. सेविकेची पर्यवेक्षिका होणार होती. जागा मात्र आर्वीकडे. आठवडाभर तिकडे राहायचं, शनिवारी घरी यायचं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. नाही म्हटलं तर पुन्हा नंबर कधी लागेल कोण जाणे.

घरात कोणीही नाही म्हटलं नाही.

चंदन म्हणाला, "मी काई म्हनत नाई. तुले पटन तसं कर. फक्त आईचे गुडघे पाह्य." आनंदाबाई म्हणाल्या, "जाय ना बापा. माह्यं काय? मी खाईन शिळंपाकं. माही काळजी करू नोको." आणि त्यांनी भाकरीचा घास असा काही चावला, की त्यांचे गेलेले सगळे दात घराला एकदम आठवले.

मोहिनी आत आली. जवस टाकला. तीनवर म्हणाली, "चांगले हाय म्हनूनच त पंचाईत हाय. वाईट असते त कवाचीच गेली असती."

मी पुष्कळ ऐकलंय, पण असं वाक्य पुन्हा ऐकलं नाही. ते मी माझं समजत होतो.

त्याच आठवड्यात गावात सिनेमावाले आले.

दिग्दर्शकाचं नाव अभिराम. सिनेमा होता स्त्रीवरच्या दडपणांचा. हिंगणीच का, तर गाव अस्सल आहे आणि बोर अभयारण्याचं जंगल जवळ आहे. घर आमचंच का, तर मागचं स्वयंपाकघर अजून कवेलूचं, म्हणजे कौलारू, होतं. पुढच्या खोलीवरचा स्लॅब त्यांनी गवतानं झाकला. आमचं स्वयंपाकघर अस्सल वाटावं म्हणून त्यांनी त्यातलं सगळं बाहेर काढलं. गॅस गेला, कुकर गेला, फ्रीज गेला, आणि मी गेलो. मागच्या अंगणात, मोरीच्या शेजारी, एका टेबलावर. आत चूल बांधली. आणि माझ्या जागेवर, मित्रांनो, एक जातं आणून ठेवलं.

ते जातं वर्ध्याच्या कुणा इंदिराबाईंच्या दिवाणखान्यातून भाड्यानं आणलं होतं. तिथं त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी असायची. दिवाळीला पणती. अख्ख्या जन्मात त्यानं पसाभर ज्वारी दळली असेल तर शपथ. पण त्याला उतरवायला चार माणसं लागली, त्याच्यावर खोटी धूळ फुंकणारी एक मुलगी वेगळी होती, आणि दोन शॉटच्या मध्ये त्याला ऊन लागू नये म्हणून छत्री धरत. माझी मोटर तापते तेव्हा मला कोणी पेपरनंही वारा घातलेला नाही. माझा जळका वास आला, तो मोटरचा होता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं असतं, तोंड असतं तर.

नायिका होती वेदश्री. ती दिवसभर त्या जात्यापाशी बसून सोसायची आणि मधल्या वेळात गाडीत एसी लावून झोपायची. तिच्या सोसण्याला चहा लागायचा, तिचं सोसणं टिपणाऱ्या तीसेक माणसांनाही लागायचा. तो मोहिनी करायची, मोरीजवळ, माझ्या टेबलावर. चंदननंच कबूल केलं होतं, "चहापान्याचं काय, मोहिनी हाय ना."

एके दुपारी अभिराम वही घेऊन तिच्याजवळ आला. त्याला संशोधन करायचं होतं.

"ताई, मोकळेपणानं सांगा. तुम्हाला घरात कोण अडवतं?"

"कोनीच नाई जी."

"सासूबाई मारतात?"

"नाई जी. त्यायचे गुडघे दुखते."

"मिस्टर पितात?"

"चहा."

अभिरामनं पेन मिटलं. "मग तुम्हाला त्रास काय आहे?"

"काई नाई. सगळे चांगलेच हाय."

तो निराश होऊन गेला. मोहिनीनं सवयीनं माझ्याकडे हात नेला, तेवढ्यात आतून आवाजाचा माणूस ओरडला, "मावशी, शूट चालू असताना मिक्सर नको! आवाज येतो!"

तर असे दिवस गेले. जातं आत सोसत होतं आणि मोहिनी बाहेर चहा गाळत होती. तिच्या पोटात काय साचत होतं ते मला दिसत होतं, पण मी मोरीजवळ थंड पडलेलो. शेवटी शनिवार आला. जेवणाची सुट्टी झाली. सगळी मंडळी अंगणात ताटं घेऊन बसली. आनंदाबाई बाजेवर, त्यांच्या ताटात भाकरी, आणि चटणी संपलेली.

"मोहिनी, जवस भाजला हाय व. वाटून टाक ना जरासा."

आता मिक्सरला परवानगी होती. मोहिनीनं वायर लावली, भांडं दाबलं, तीनवर नेलं. आणि इतक्या दिवसांचं एकदम सुरू झालं. ती माझ्यावर वाकली नाही, ओरडतच होती. नेहमीसारखं, कुणाला ऐकू जात नाही या भरवशावर.

त्याच वेळी आत कोणीतरी मोठा लाइट लावून पाहिला. तो आमच्याच मीटरवर होता. फ्यूज उडाला. मी थांबलो.

मोहिनी थांबली नाही.

"…चांगले हाय म्हनून काय जलमभर चटनीच वाटू? मी जाईन आर्वीले! सांगून ठेवते, जाईन म्हन्जे जाईन!"

अंगणात कुणाच्या तरी ताटातली पुरी फुस्स झाली.

आनंदाबाईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "जाय ना व मंग. तुले कोनं धरून ठेवलं?"

हे त्या नेहमीच म्हणायच्या. यावर मोहिनी नेहमी म्हणायची, "तसं नाई आई", आणि विषय संपायचा. ते शब्द तिच्या ओठावर आलेले मी पाहिले. पण तीस माणसं बघत होती, आणि लपायला माझा आवाज नव्हता.

"कोनं धरलं नाई ना?" ती म्हणाली. "मंग झालं. सोमवारी हो म्हनून कळवते."

"पन आईचे गुडघे…" चंदन म्हणाला.

"तुमाले हात हाय ना? तेल लावजा."

अभिराम ताट टाकून धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, ग्रेट! हेच! हाच क्लायमॅक्स! पुन्हा एकदा म्हणता? जरा रडत रडत?"

"एकडाव म्हनलं ना जी," मोहिनी म्हणाली. "पुन्हा काऊन म्हनू? आता आयकलं सगळ्यायनं."

मग फ्यूज बसवला आणि ते वाक्य आत नेऊन वेदश्रीला दिलं. तिनं ते जात्यापाशी म्हटलं. म्हणण्याआधी सासूनं तिच्या थोबाडीत मारली, नवऱ्यानं पट्टा काढला, आणि म्हटल्यानंतर तिनं जात्यावर पालथी मूठ आपटली. मग दार उघडून ती उन्हात चालत गेली. ऊन जंगलाच्या बाजूनं आलं. आमच्या दारात ते तिकडून येत नाही, पण त्यांनी आणलं. जात्याचा क्लोजअप घेतला. मोरीजवळ पडलेल्या माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. वाक्य माझ्या पोटात वाढलं, आणि क्लोजअप जात्याला!

सिनेमा आला तेव्हा चंदननं तो मोबाइलवर पाहिला. आनंदाबाईंनी खांद्यावरून पाहिला. दोघंही रडले. चंदन डोळे पुसत म्हणाला, "किती हाल होते व बायायचे, जुन्या काळी!" आनंदाबाई म्हणाल्या, "ते सासू अशी कशी रे? मी कवा बोट लावलं का मोहिनीले?" नव्हतंच लावलं. त्यामुळे त्या फार समाधानानं झोपल्या.

म्हणून मित्रांनो, सिनेमात बायकांचं खरं दाखवतात का, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, सिनेमातल्या जाचाला मिशा असतात. आमच्याकडच्या जाचाचे गुडघे दुखतात. मिशा कॅमेऱ्यात येतात. गुडघे दुखलेले कसे दाखवणार? आणि शिवाय त्या पट्ट्यामुळे ज्याच्या घरी पट्टा नाही तो प्रत्येक जण सुटतो. हे मी मत्सरानं म्हणतोय असं तुम्ही म्हणाल. मत्सरानंच म्हणतोय. पण मत्सर वाटला म्हणून काही ते खोटं होत नाही.

मोहिनी आर्वीला गेली. जाताना तिनं दोन पातेली, एक तवा आणि उशी नेली. मला वाटलं होतं, मलाही नेईल. तिथं तिची एक खोली आहे. तिथं ती मोठ्यानं बोलते म्हणे, फोनवर, ऑफिसात, बसमध्ये कंडक्टरशीसुद्धा. मिक्सर न लावता. त्या खोलीच्या भिंतींचा मला किती राग येतो ते मी इथं सांगत नाही. शनिवारी ती येते, माझ्यावरची धूळ पुसते आणि पुढच्या खोलीत जाऊन जे बोलायचं ते बोलते.

तुमच्या घरी मिक्सर असेल तर त्याचं पातं पुसून ठेवा, भांड्याखाली पाणी राहू देऊ नका, आणि तो विनाकारण फार वेळ चालत असेल तर एकदा जाऊन पाहा, भांड्यात काही आहे का.

जवसाची चटणी आता सेलूहून पाकिटात येते. आनंदाबाई म्हणतात, चव तीच हाय.